जुनी नगरपालिका पाहायची तर: मंडई, विश्रामबागवाडा आणि महापालिका भवन एका फेरीत

पुण्यात पाहुणे आले की शनिवारवाडा होतो, सिंहगड होतो, आणि विश्रामबागवाडा तुळशीबागेतल्या खरेदीच्या शेपटाला बांधला जातो. हातात चार पिशव्या, बरोबर कंटाळलेली पोरं, डोक्यावर दुपारचं ऊन. "आलोच आहोत तर बघून घेऊ" म्हणून आत शिरलेली मंडळी दहा मिनिटांत बाहेर येतात आणि वर म्हणतात, "आत काही नाहीच हो." आत पुष्कळ आहे. फक्त ते चुकीच्या वेळी, चुकीच्या क्रमाने आणि हातात पिशव्या घेऊन दिसत नाही.

ज्यांना पुण्याच्या जुन्या नगरपालिकेची जागा नीट पाहायची आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. १९३० च्या सुमारास नगरपालिकेचं कार्यालय विश्रामबागवाड्यात, म्हणजे पेशव्यांच्या जुन्या वाड्यात, आलं आणि जवळपास तीन दशकं शहराचा कारभार इथूनच चालला. १५ फेब्रुवारी १९५० ला नगरपालिकेची महापालिका झाली, तीही याच मुक्कामात. पुढे बिऱ्हाड नदीपलीकडे गेलं. इतिहास इतकाच पुरे, आता कामाचं बोलू.

फेरीचा क्रम असा: सकाळी मंडई, मग विश्रामबागवाडा, दुपारी महापालिका भवन. हा क्रम उलटा केला की तिन्ही ठिकाणी काही ना काही हुकतं. मंडईत सकाळीच जीव असतो. वाड्याचा दर्शनी भाग पूर्वेला तोंड करून आहे, म्हणजे नक्षीवर चांगला उजेड सकाळीच. महापालिका भवन हे चालू कार्यालय, तिथे दुपारी गेलं तरी काही बिघडत नाही.

## टप्पा १: दिवस ठरवा

शनिवार-रविवार नको. सुट्टीच्या दिवशी महापालिका बंद असते आणि बाजीराव रस्त्यावर चालायला जागा नसते. मंगळवार, बुधवार, गुरुवार यांपैकी एक दिवस काढा. नोकरीतून रजा घ्यावी लागली तर अर्धा दिवस पुरतो, मात्र तो सकाळचा अर्धा हवा.

हे दिवस सरळ वगळा:

- गणपतीचे दहा दिवस. मंडई आणि बाजीराव रस्ता हा गर्दीचा गाभाच. विसर्जन मिरवणूक मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघते, त्यामुळे अनंत चतुर्दशीला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हा भाग विसरून जा.
- दिवाळीआधीचे दोन आठवडे. तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्ता ओसंडून वाहत असतात.
- आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात ते दिवस. वारकऱ्यांना भेटायला जरूर या, पण वाडा बघायला दुसऱ्या दिवशी या.

पावसाळा मात्र वाईट नाही. आतला उजेड कमी होतो, पण गर्दीही कमी होते, आणि लाकडी वाड्यात बसून चौकात पडणारा पाऊस पाहणं हा कार्यक्रम फुकट मिळतो. फक्त ओल्या चपला दगडी पायऱ्यांवर घसरतात, तेवढं सांभाळा.

आदल्या दिवशी तपासा: वाडा उद्या उघडा आहे ना, आणि सगळा उघडा आहे ना? दोनशे वर्षांहून जुन्या लाकडी इमारतीत दुरुस्ती निघतच असते. कधी वरचा मजला बंद, कधी प्रदर्शन बंद. जवळ राहणारं ओळखीचं कुणी असेल तर त्याला जाता-येता डोकावायला सांगा. इंटरनेटवरच्या जुन्या वेळापत्रकापेक्षा ही खात्री बरी.

## टप्पा २: पत्ता नीट घाला

हे हास्यास्पद वाटेल, पण लोक इथेच चुकतात. फोनच्या नकाशात नुसतं "विश्रामबाग" टाकलं तर सांगलीतलं विश्रामबाग पुढे येऊ शकतं. पुण्यातलंच आलं, तरी त्याच नावाचं पोलीस ठाणं निघू शकतं. पूर्ण नाव घाला: विश्रामबागवाडा, बाजीराव रस्ता, सदाशिव पेठ.

रिक्षावाल्याला "जुना टाऊन हॉल" असं सांगू नका. पुण्यात टाऊन हॉल म्हटलं की जुनी माणसं हिराबाग समजतात, आणि तुम्ही टिळक रस्त्याकडे जाऊन उतराल. "शनिपार" म्हणा, कुणालाही कळतं. तिथून वाडा चालत दोन-तीन मिनिटांवर.

## टप्पा ३: बरोबर काय, घरी काय

ओळखपत्र घ्या, महापालिकेच्या दारात लागू शकतं. पाण्याची बाटली, सुटे पैसे, आणि घडी करून खिशात मावेल अशी एक कापडी पिशवी. पिशवी रिकामी राहू द्या, ती शेवटी लागणार आहे.

मोठी सॅक घरी ठेवा. वाड्याचे जिने अरुंद असतात आणि पाठीवर सॅक असलेला माणूस वळताना पाठीमागच्याला ढकलतो, नाहीतर कठड्याला घासतो. ट्रायपॉड आणू नका. हौसेचे फोटो फोनवर काढणं ही एक गोष्ट, आणि लग्नाआधीचं शूटिंग किंवा मोठ्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण ही दुसरी. दुसऱ्या प्रकारासाठी आधी महापालिकेची लेखी परवानगी काढा. दारात उभं राहून "पाचच मिनिटं, दादा" म्हणून ती मिळत नाही, आणि मिळू नयेही.

पायात पट्ट्याची चप्पल किंवा बूट. उंच टाचा अजिबात नकोत, जिन्यांवर त्या धोक्याच्याच.

## टप्पा ४: पोहोचा, पण गाडीने नको

मेट्रो ही या फेरीसाठी सर्वांत सोयीची. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मार्गावर मंडईचं भुयारी स्थानक आहे, २०२४ च्या सप्टेंबरपासून सुरू. वनाज किंवा रामवाडीकडून येणाऱ्यांनी जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायची. ते खालचं स्थानक जमिनीखाली तब्बल ३३ मीटर आहे आणि वनाज-रामवाडीची गाडी येते ती वरच्या उन्नत फलाटावर. म्हणजे गाडी बदलायची तर सरकत्या जिन्यांची एक मालिकाच उतरावी लागते. बरोबर वयस्कर मंडळी असतील तर सरळ लिफ्ट शोधा आणि या बदलाला दहा मिनिटं जादा धरा.

बसने येत असाल तर शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता यांचा स्वभाव समजून घ्या. दोन्ही एकेरी. शिवाजी रस्ता स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे जातो, बाजीराव रस्ता उलट, शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे येतो. त्यामुळे स्वारगेटकडून येणारी बस मंडईला सोडते, वाड्याच्या दारात नाही. आपल्या क्रमाला हे सोयीचंच आहे.

गाडी आणायचीच असेल तर मंडईजवळच्या महापालिकेच्या बहुमजली वाहनतळावर लावा, बाबू गेनू वाहनतळ त्यातलाच एक. वाड्यासमोर "जरा दोन मिनिटं" म्हणून दुचाकी लावणाऱ्यांची गाडी टेम्पोत चढलेली बघणं हा बाजीराव रस्त्यावरचा रोजचा खेळ आहे.

सावधान: स्वारगेटकडून चारचाकी घेऊन थेट वाड्यापाशी जायचा प्रयत्न करू नका. बाजीराव रस्त्यावर समोरून येता येत नाही, मग गल्ल्यांतून आत शिरावं लागतं, आणि पेठेतल्या गल्ल्या एकदा आत घेतलं की सहजी बाहेर सोडत नाहीत.

## टप्पा ५: मंडई, पण खरेदी नको

साडेआठ ते साडेनऊ ही वेळ चांगली. भाजी मांडून झालेली असते, गिऱ्हाईक वाढायला लागलेलं असतं आणि गाळ्यांतून अजून चालता येतं.

आधी बाहेर उभे राहा, टिळकांच्या पुतळ्यापाशी. मोतीलाल नेहरूंच्या हस्ते १९२४ मध्ये अनावरण झालेला हा पुतळा नगरपालिकेच्या कारभाराचीच खूण आहे. तिथून मंडईच्या इमारतीचा मधला मनोरा आणि त्याला जोडलेली पाखं एका नजरेत येतात. १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून उघडलेली ही इमारत नगरपालिकेनेच बांधली. त्या वेळी एवढा पैसा बाजाराच्या इमारतीवर घालण्याला नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांचा विरोध होता. आज मंडईला नाव त्यांचंच आहे. नगरपालिकेच्या सभेत भांडण झालं की त्यातून शहराच्या नकाशावर काय उरतं, हे इथे उभं राहून पाहायचं, म्हणून फेरीची सुरुवात मंडईतून.

मग आत शिरा आणि थेट मध्यभागी, मनोऱ्याखाली जा. मान वर करा. आठ बाजू मोजा. आता खाली बघा, कारण तुम्ही जिथे उभे आहात तो हमालांचा रस्ता आहे आणि डोक्यावर पाटी घेतलेला माणूस "बाजू, बाजू" म्हणतो तेव्हा तुम्हाला खरंच बाजूला व्हायचं असतं. खांबाला टेकून उभे राहा आणि विक्रेत्यांच्या बैठका बघा. विक्रेता उंचावर मांडी घालून बसलेला, भाजी त्याच्या पुढे उतरती रचलेली, तराजू हाताच्या टप्प्यात, पैशांचा गल्ला मांडीखाली. गिऱ्हाईक खाली उभं. म्हणजे भाव करताना तुम्ही वर बघून बोलता आणि तो खाली बघून. भाव फारसा उतरत नाही यात बसण्याच्या उंचीचाही थोडा हात असावा, असं माझं मत.

चूक १: इथेच भाजी घेणं. मेथीची जुडी आणि दोन किलो टोमॅटो घेऊन वाड्याचे जिने चढायचे नसतात. भाव विचारा, बघून ठेवा, परतताना घ्या.

चूक २: न विचारता फोटो. लिंबू-मिरची विकणाऱ्या आजींच्या तोंडासमोर फोन धरण्याआधी "मावशी, फोटो काढू का?" एवढं म्हणायला दोन सेकंद लागतात. नाही म्हणाल्या तर नाही.

बाहेर पडताना तपासा: आठही बाजू आतून सारख्या दिसतात. आत येताना कोणत्या पाखातून आलात, तिथे काय विकत होते, हे लक्षात ठेवा. "कांदे-बटाट्याच्या बाजूने आलो" एवढी खूण पुरे.

## टप्पा ६: मंडई ते वाडा, पायी

दोन रस्ते आहेत. सोपा: मंडईहून शनिपारला या आणि तिथून उजवीकडे वळून बाजीराव रस्त्याने चालत राहा. वाहनं समोरून येतील, म्हणजे निदान दिसतील तरी. वाडा डाव्या हाताला लागेल.

दुसरा रस्ता तुळशीबागेच्या बोळांतून. तो जवळचा आहे आणि छान आहे, आणि म्हणूनच या फेरीत मना आहे. भांडी, बांगड्या, देवघरातली चिमुकली पितळी वस्तू, पोळपाट-लाटणी. तुळशीबागेत शिरलेला पुणेकर पाऊण तासाच्या आत बाहेर पडल्याचं ऐकिवात नाही. वाडा बघून झाल्यावर तिकडे जा, मग संध्याकाळ तुमची.

चहा-नाश्ता याच टप्प्यात उरका. वाड्यात खाणं-पिणं नको आणि रिकाम्या पोटी लाकडी नक्षी कुणालाच आवडत नाही.

## टप्पा ७: वाडा आधी समोरच्या बाजूने बघा

सगळे लोक नेमका हाच टप्पा गाळतात.

वाड्याच्या दारात पोहोचलात की आत शिरू नका. रस्ता ओलांडून समोरच्या पदपथावर जा. ओलांडताना सिग्नलपर्यंत चालत जा, वाड्यासमोर मध्येच घुसू नका. बाजीराव रस्ता एकेरी असल्यामुळे गाड्या झुंडीने येतात, मग क्षणभर मोकळा होतो, आणि त्या मोकळ्या क्षणात लोक रस्त्याच्या मधोमध उभं राहून फोटो काढतात. असं करणारे स्वतः वाचतात ते दुचाकीवाल्याच्या कृपेने.

समोर उभे राहिलात की पाच मिनिटं काही करू नका, नुसतं बघा. खालून वर:

1. जोतं आणि खालचा मजला. दगडी, जड, फारसा नटवा नसलेला. इथे वर्षानुवर्षं पोस्ट ऑफिस राहिलेलं आहे, त्यामुळे अनेक पुणेकरांसाठी हा वाडा म्हणजे "पोस्टाची इमारत".
2. वरचा सज्जा. वाड्याचा सगळा डौल इथे. सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, खाली फुगीर आणि वर निमुळते होत गेलेले, आणि त्यांच्यामध्ये लाकडी महिरपी. एक खांब निवडा आणि तळापासून माथ्यापर्यंत सावकाश नजर फिरवा. कोरीव पाकळ्या कुठे सुरू होतात आणि कुठे थांबतात ते बघा. मग शेजारचा खांब बघा. एकाच नमुन्याचे असले तरी हाताने कोरलेले खांब तंतोतंत सारखे नसतात.
3. छप्पर आणि कडेचे भाग. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळला आणि नंतर पुन्हा बांधला गेला. म्हणजे "सगळं पेशवेकालीन" असं ठोकून देऊ नका. पाहुण्यांपुढे तर नकोच, एखादा जाणकार निघाला की पंचाईत.

फोटो काढायचा तो आत्ता, समोरून, थोडा तिरका. अगदी समोरासमोर उभं राहून काढला की विजेच्या तारा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बस वाड्याच्या पुढे येतात. दहा पावलं बाजूला सरकलात तर सज्जाचा उठाव नीट येतो. फ्लॅश नको, सकाळचा उजेड पुरतो.

पुढे जाण्याआधी तपासा: सज्जातले खांब तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत का, की फक्त फोनच्या पडद्यावर? दुसरं उत्तर असेल तर आणखी दोन मिनिटं थांबा.

## टप्पा ८: आत, सावकाश

दारात फलक असेल तो वाचा. आज काय उघडं, काय बंद, फोटोला परवानगी कुठे, हे तिथल्या कर्मचाऱ्याला आधीच विचारून घ्या. "नमस्कार, आत काय काय बघता येईल?" असा प्रश्न केला की माणूस मोकळेपणाने सांगतो. "आत काही आहे का?" असं विचारलं की त्याचंही उत्तर तेवढंच तुटक येतं. पुण्यात प्रश्न कसा विचारला यावर उत्तर ठरतं, हे काही नव्याने सांगायला नको.

चौकात. पहिलं काम थांबायचं. दारातून आत येताना डोळे उन्हातून सावलीत येतात. मिनिटभर काही नीट दिसत नाही, आणि याच मिनिटभरात लोक "अंधारच आहे" म्हणून पुढे निघतात. ओसरीच्या कडेला उभे राहा, नजर बसू द्या. मग चौकाच्या चारही बाजू एकेक करून बघा. वाड्याचा सगळा कारभार चौकाभोवती फिरतो, कारण उजेड आणि वारा तिथूनच येतो. ज्या खोलीला चौकाची बाजू मिळाली ती महत्त्वाची, हा साधा हिशोब. नगरपालिकेच्या काळात कुणाचं टेबल कुठे असेल याचा अंदाज याच हिशोबाने बांधा. पाहुण्यांना हा खेळ फार आवडतो.

खांबाचा तळ. लाकडी खांब थेट जमिनीत गेलेला नसतो, तो दगडी तळखड्यावर उभा असतो. ओल वर चढून लाकूड कुजू नये म्हणून ही युक्ती. वाकून बघा. खांब आणि दगड जिथे भेटतात तिथे किती काटेकोर बसवलं आहे ते दिसेल. आता तिथून वर, खांब तुळईला कसा मिळतो ते बघा. भार छपरातून तुळईत, तुळईतून खांबात, खांबातून दगडात; हा रस्ता एकदा बोटाने हवेत काढून दाखवा. नववी-दहावीची मुलं याला पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त वेळ देतात.

जिना. चढताना कठड्यावर भार टाकू नका, भिंतीच्या बाजूने चढा. जुन्या वाड्यातले जिने चढ असतात आणि पायऱ्यांची उंची सारखी असेलच असं नाही. उतरणाऱ्याला आधी उतरू द्या. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना वर नेण्याचा आग्रह नको. तळमजल्यावर, चौकात बसूनही निम्मा वाडा दिसतो. त्यांच्याजवळ कुणीतरी थांबा आणि आळीपाळीने वर जा.

वरचा दिवाणखाना. आधी छत. लाकडी कडीपाट, त्यातलं कोरीवकाम, रंगाचे उरलेले थर. मान दुखेपर्यंत बघा. इथे जमिनीवर बसायला मिळालं तर सर्वांत बरं, कारण अशी दालनं बैठकीसाठी केलेली असतात, उभ्या माणसाच्या नजरेसाठी नाही. खाली बसलात की खिडक्यांची उंची, महिरपींचं प्रमाण आणि बाहेरून येणारा उजेड सगळं जागच्या जागी लागतं. खुर्ची-टेबलं मांडून इथे फायली हलवणाऱ्या कारकुनांना काय वाटत असेल, कोण जाणे.

नवं-जुनं लाकूड. दुरुस्तीत बदललेले भाग ओळखायचा प्रयत्न करा. जुन्या लाकडाच्या कडा हातांनी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वावराने गोल झालेल्या असतात आणि नव्याच्या धारदार दिसतात. रंग सारखा केला तरी कड लपत नाही. एवढी एक खूण घेऊन फिरलात तर वाडा दुप्पट वेळ पुरतो.

प्रदर्शन उघडं असेल तर ते शेवटी बघा, सुरुवातीला नाही. फलक वाचायला लागलं की माणूस इमारतीकडे बघत नाही, आणि इथे पाहण्याची मुख्य वस्तू इमारतच आहे.

सावधान: नक्षीला हात लावू नका. "एकदा लावला तर काय होतं" असं प्रत्येकाने म्हटल्यानेच खालच्या कोरीवकामावर तेलकट काळी चकाकी येते. कठड्याला टेकून सेल्फी नको. भिंतींवर नावं लिहिणाऱ्यांसाठी हा लेख नाही.

निघण्याआधी तपासा: चौक, खांबाचा तळ, वरचं छत, आणि एक नवं-जुनं लाकूड. चारही पाहिलं असेल तर तास-सव्वा तास झालेला असेल. वीस मिनिटांत बाहेर आला असाल तर परत जा, अजून वेळ आहे.

## टप्पा ९: नदीपलीकडे

चालायची तयारी असेल तर बाजीराव रस्त्याने अप्पा बळवंत चौकावरून शनिवारवाड्याकडे, तिथून शिवाजी पूल ओलांडून महापालिकेपाशी. जुनी माणसं याला अजून नवा पूल म्हणतात. १९२३ चा आहे, म्हणजे शंभरी उलटून गेली तरी नवाच. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांपाशी मंडळी अडकतात, एखाद्याला हाताला धरून पुढे काढावं लागतं. रमतगमत अर्धा तास लागतो.

चालायचं नसेल तर मंडई स्थानकातून मेट्रोने जिल्हा न्यायालय, तिथे गाडी बदलून वनाजकडे जाणाऱ्या मेट्रोने पुढचंच स्थानक, पुणे महानगरपालिका.

महापालिका भवनात पर्यटक म्हणून बघण्यासारखं बाहेरच जास्त आहे: आवारातला शिवाजी महाराजांचा पुतळा, जुनी मुख्य इमारत आणि तिला जोडलेली २०१८ ची नवी विस्तारित इमारत. सकाळी वाडा पाहून आला असाल तर फरक आपोआप जाणवतो. तिथे चौकाभोवती दालनं, इथे लांब व्हरांडे आणि खात्यांच्या पाट्या.

आत जायचं असेल तर कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत, सुरक्षारक्षकाला ओळखपत्र दाखवून आणि नोंद करून. कुणाच्या केबिनमध्ये डोकावून फोटो काढू नका. लोक तिथे मिळकतकर भरायला, दाखले काढायला, तक्रारी घेऊन आलेले असतात. त्यांच्या रांगेत कॅमेरा घेऊन मध्येच उभं राहिलात तर जे ऐकून घ्यावं लागेल ते रास्तच असेल.

एक गोष्ट मात्र खास ठरवून करण्यासारखी: मुख्य सभा प्रेक्षक म्हणून बघणं. कायद्याने महिन्यातून किमान एक साधारण सभा घ्यावी लागते. तारीख आणि प्रेक्षकांच्या प्रवेशाची रीत नगरसचिव कार्यालयात विचारा. त्यात एक खाच आहे. मान्यवर व्यक्तीच्या निधनानंतर श्रद्धांजली वाहून सभा तहकूब करण्याची प्रथा आहे, शिवाय इतर कारणांनीही सभा तहकूब होतात. तुम्ही रजा टाकून गेलात आणि दहा मिनिटांत सगळे उठले, असं सहज होऊ शकतं. म्हणून सभेच्या दिवशी सकाळी पुन्हा फोन करून खात्री करा, आणि त्या दिवशी वाडा-मंडईचा बेत ठेवू नका. सभा लांबली तर ती संध्याकाळपर्यंत चालते. प्रेक्षकांनी बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, मोबाईल बंद ठेवायचा.

## क्रम मोडलाच तर

वाडा ऐनवेळी बंद निघाला, तर समोरून बघण्याचा टप्पा ७ तरी पूर्ण करा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मंडईला पोहोचायला उशीर झाला, तर मंडई सोडून थेट वाड्यावर जा आणि मंडई परतताना पाहा. मनोरा संध्याकाळीही तिथेच असतो, फक्त गर्दी दुप्पट असते. महापालिका राहिली तर राहू द्या, दुसऱ्या दिवशी मेट्रोने पाच मिनिटांचं काम आहे.

बरोबर लहान मुलं असतील तर टप्पा ५ आणि टप्पा ८ एवढंच करा, बाकी गाळा. शाळेची सहल असेल तर एका वेळी पंधरा-वीस मुलंच वर न्या, उरलेल्यांना खाली चौकात तळखड्यांचं चित्र काढायला बसवा, आणि सहलीची तारीख वाड्यातल्या कर्मचाऱ्यांना आधी कळवा.

खिशातली कापडी पिशवी आता काढा. मेथी अजून मिळेल, पण सकाळच्या भावाने मिळणार नाही.